साडेअठरा न्यूट्रॉन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भावाकडे गेले असताना नववीत शिकणाऱ्या भाचीने सहामाहीची उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आत्या, यात माझं नेमकं काय चुकलं ते सांग." प्रश्न नेहमीचाच होता : पुढील मूलद्रव्यांच्या अणूंतील प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व न्यूट्रॉन यांची संख्या काढा. खाली तक्ता आणि तक्त्यात प्रत्येक मूलद्रव्याचा अणुअंक व अणुवस्तुमान. कार्बन, सोडियम, ॲल्युमिनियम यांची उत्तरे तिने बरोबर लिहिली होती. क्लोरीनपुढे अणुअंक १७ आणि अणुवस्तुमान ३५.५ असे छापलेले होते. तिने प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन १७ लिहून न्यूट्रॉनच्या रकान्यात १८.५ लिहिले होते. त्यावर लाल शाईची फुली होती आणि शेजारी शेरा होता : "न्यूट्रॉन अर्धा नसतो. १८."

"न्यूट्रॉन अर्धा नसतो हे मलाही कळतं," ती म्हणाली. "पण वजाबाकी तर बरोबर आहे. मग तो अर्धा गेला कुठे?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. गंमत म्हणजे १८ हे उत्तर अगदीच चूक नाही. निसर्गातल्या चारपैकी सुमारे तीन क्लोरीन अणूंत खरोखरच १८ न्यूट्रॉन असतात. पण उरलेल्या एकात २० असतात, आणि साडेअठरा कशातच नसतात. मुलीने दिलेल्या आकड्यांवरून प्रामाणिकपणे वजाबाकी केली आणि तिचा गुण गेला. ज्यांनी अर्धा मुकाट्याने टाकून दिला त्यांना गुण मिळाला. चूक मुलीची नव्हती आणि पन्नास-साठ उत्तरपत्रिका एका बैठकीत तपासणाऱ्या शिक्षकाचीही फारशी नव्हती. चूक त्या प्रश्नातच होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत, गाइडांत आणि प्रश्नपत्रिकांत हा प्रश्न इतका मुरला आहे की त्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. या लेखात तेवढेच करायचे आहे.

लाडवांची वजाबाकी

आधी न्यायाचे बोलू. अणूच्या संरचनेवरचे धडे सरसकट वाईट असतात असे मुळीच नाही. डाल्टनचा अविभाज्य अणू, थॉमसनचा इलेक्ट्रॉन, सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा करून रदरफर्डने १९११ साली मांडलेले केंद्रक, बोरच्या कक्षा ही गोष्ट बहुतेक पुस्तके बऱ्यापैकी सांगतात. पुढे समस्थानिकांचा परिच्छेद येतो, त्यात क्लोरीनचे ३५ आणि ३७ हे दोन प्रकार ३ : १ प्रमाणात असतात हेही सांगितलेले असते. म्हणजे माझ्या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पुस्तकातच असते.

अडचण अशी की धड्याचा कणा बनते ती गोष्ट नव्हे, ती उदाहरणे. "अणुवस्तुमानांक वजा अणुअंक बरोबर न्यूट्रॉन" हे सूत्र चौकटीत येते, पाठ होते, आणि परीक्षेत त्यावरच गुण मिळतात. आता हा प्रश्न पाहा : डब्यात एकूण २३ लाडू आहेत, त्यांपैकी ११ बेसनाचे, तर रव्याचे किती? तिसरीतले मूल उत्तर देईल, १२. सोडियमच्या अणूतील न्यूट्रॉन काढण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. न्यूट्रॉन म्हणजे काय, तो कुठे असतो, तो आहे हे कशावरून कळले, यातले काहीही ठाऊक नसताना पूर्ण गुण मिळतात. जो प्रश्न विषय न समजता सोडवता येतो तो त्या विषयाची परीक्षा घेत नाही.

तरीही नुसती वजाबाकी निरुपद्रवी म्हणून सोडून देता आली असती. खरा घोटाळा पुढे होतो. सूत्राला हवा असतो अणुवस्तुमानांक, म्हणजे एका अणूच्या केंद्रकातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या. आवर्तसारणीत मात्र छापलेले असते अणुवस्तुमान, म्हणजे निसर्गात आढळणाऱ्या त्या मूलद्रव्याच्या सर्व अणूंच्या वस्तुमानांची सरासरी. नावे जवळजवळ सारखी, आकडेही जवळजवळ सारखे. मग "अपूर्णांक असेल तर जवळचा पूर्णांक घ्या" अशी एक युक्ती वर्गावर्गांतून सांगितली जाते आणि घोटाळा झाकला जातो.

युक्ती टिकली कशी?

ही युक्ती इतकी वर्षे का टिकली, हे शोधण्यासाठी मी आवर्तसारणी घेऊन बसले. पहिल्या वीस मूलद्रव्यांची अणुवस्तुमाने घ्या आणि जवळच्या पूर्णांकात आणा. हायड्रोजन १, हेलियम ४, लिथियम ७, बोरॉन ११, मॅग्नेशियम २४ असे करत कॅल्शियम ४० पर्यंत जा. क्लोरीन बाजूला ठेवला तर उरलेल्या एकोणीसही ठिकाणी मिळणारा पूर्णांक हा त्या मूलद्रव्याच्या सर्वांत विपुल समस्थानिकाचाच वस्तुमानांक निघतो. शाळेत आपण पहिली वीसच मूलद्रव्ये शिकवतो, म्हणून युक्ती कधी उघडी पडत नाही. क्लोरीन तेवढा अडतो, आणि तिथे लाल शाई वापरून आपण पुढे जातो.

आता वीसच्या पुढे जाऊ. तांबे घ्या : अणुअंक २९, अणुवस्तुमान सुमारे ६३.५५. युक्तीप्रमाणे वस्तुमानांक ६४ आणि न्यूट्रॉन ३५. पण निसर्गातल्या तांब्यात ६४ वस्तुमानांकाचा अणू सापडतच नाही. तिथे सुमारे ६९ टक्के अणू ६३ चे आणि ३१ टक्के ६५ चे असतात. ६४ चे तांबे अणुभट्टीत किंवा त्वरकात बनवावे लागते. ते किरणोत्सारी असते आणि पावणेतेरा तासांच्या आत निम्मे उरते.

तांब्याच्या शेजारी जस्त : अणुवस्तुमान ६५.३८, युक्तीप्रमाणे ६५. निसर्गात जस्ताचे ६४, ६६, ६७, ६८ आणि ७० आहेत, ६५ नाही. दुसऱ्या बाजूला निकेल : ५८.६९, म्हणून ५९. निसर्गात निकेलचे ५८, ६०, ६१, ६२ आणि ६४ आहेत, ५९ नाही. जस्तानंतरचे गॅलियम : ६९.७२, म्हणून ७०. निसर्गात फक्त ६९ आणि ७१. म्हणजे २८ ते ३१ या ओळीने चार मूलद्रव्यांत आपली युक्ती निसर्गात नसलेल्या अणूंचे न्यूट्रॉन मोजते! घरातली पितळेची कळशी तांबे आणि जस्त यांची असते. तिच्यातल्या कोट्यवधी कोटी अणूंपैकी एकाही अणूला शाळेतले उत्तर लागू पडत नाही.

ब्रोमीनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अणुअंक ३५, अणुवस्तुमान ७९.९०. हा आकडा ८० च्या इतका जवळ आहे की कोणालाही शंका येणार नाही. विद्यार्थी ४५ न्यूट्रॉन लिहील आणि गुण मिळवील. प्रत्यक्षात ब्रोमीनचे जवळजवळ निम्मे अणू ७९ चे आणि निम्मे ८१ चे असतात. न्यूट्रॉन ४४ किंवा ४६. ४५ कोणातच नाहीत. चांदीचेही तसेच : अणुवस्तुमान १०७.८७, निसर्गात १०७ आणि १०९, आणि पुस्तकी उत्तर १०८.

हा निव्वळ योगायोग नाही. केंद्रकात प्रोटॉनांना आणि न्यूट्रॉनांना आपापल्या जातीत जोडीने राहणे पसंत असते. दोन्ही संख्या विषम असतील तर केंद्रक सहसा टिकत नाही. हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४ ही चार हलकी केंद्रके सोडली तर तशी टिकाऊ केंद्रके निसर्गात जवळजवळ नाहीतच. आता ज्या मूलद्रव्याचा अणुअंक विषम आहे आणि ज्याचे दोन समस्थानिक आहेत, त्याचे दोन्ही समस्थानिक सम न्यूट्रॉनांचे असणार, म्हणजे त्यांच्यात दोनचे अंतर पडणार. त्यांचे प्रमाण साधारण सारखे असेल तर सरासरी बरोबर मधल्या आकड्यावर येणार, आणि नेमके तेच केंद्रक विषम-विषम, म्हणजे न टिकणारे. तांबे, गॅलियम, ब्रोमीन, चांदी या सर्वांची हीच कथा आहे. निकेल आणि जस्त यांचे अणुअंक सम आहेत, तिथे कारण वेगळे आहे : एकाच विषम वस्तुमानांकाचा टिकाऊ अणू सहसा एकाच मूलद्रव्याचा असतो. ५९ ही जागा कोबाल्टने आणि ६५ ही जागा तांब्याने आधीच घेतलेली आहे.

मोजणे आणि मापणे

मराठीत "मोजणे" हा शब्द आपण सैलपणे वापरतो. आंबे मोजतो आणि जमीनही मोजतो. या विषयात मात्र दोन क्रिया वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत. अणुअंक आणि अणुवस्तुमानांक या मोजलेल्या संख्या आहेत, म्हणून त्या पूर्णांक असतात. अणुवस्तुमान हे मापलेले आहे, म्हणून त्यात दशांश येतो. आंब्याच्या पेटीत आंबे किती हा एक प्रश्न, आणि पेटीतल्या आंब्याचे सरासरी वजन किती हा दुसरा. दुसऱ्याच्या उत्तरातला अपूर्णांक काढून टाकला की पहिल्याचे उत्तर मिळते, असे कोणी म्हणणार नाही.

एकाच समस्थानिकाचा एकच अणू घेतला तरी त्याचे वस्तुमान पूर्णांक येत नाही. क्लोरीन-३५ मध्ये १७ प्रोटॉन, १८ न्यूट्रॉन आणि १७ इलेक्ट्रॉन असतात. या सुट्या कणांच्या वस्तुमानांची बेरीज सुमारे ३५.२९ एकके होते. प्रत्यक्ष अणू भरतो सुमारे ३४.९७ एकके. कण एकत्र बांधले जाताना ऊर्जा बाहेर पडली आणि तेवढे वस्तुमान कमी झाले. मोजणीत ३५ आहेत ते ३५ च आहेत, मापन मात्र वेगळे काही सांगते.

शिवाय अणुवस्तुमान हा निसर्गाचा अढळ स्थिरांकही नव्हे. शिसे कोणत्या खनिजातून आले त्यावर त्याचे अणुवस्तुमान अवलंबून असते. युरेनियमच्या खनिजातले शिसे २०६ च्या जवळ जाते आणि थोरियमच्या खनिजातले २०८ च्या जवळ, कारण या दोन किरणोत्सारी मालिकांचा शेवट शिशाच्या वेगवेगळ्या समस्थानिकांत होतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड्स यांनी १९१४ साली किरणोत्सारी खनिजांतले शिसे नेहमीच्या शिशाहून हलके असल्याचे मापून दाखवले. आज तर रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, क्लोरीन अशा काही मूलद्रव्यांसाठी एक आकडा न देता एक पल्ला देते. क्लोरीनचा पल्ला ३५.४४६ ते ३५.४५७ असा आहे. नमुना कुठला, त्यावर नेमका आकडा ठरतो.

अर्ध्याचा इतिहास

माझ्या भाचीला जो अर्धा अडला तो रसायनशास्त्राला शंभर वर्षे अडला होता, हे मी तिला सांगितले तेव्हा तिचा चेहरा खुलला. तो इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

१८१५ साली लंडनचे एक डॉक्टर विल्यम प्राउट यांनी अशी कल्पना मांडली की सर्व मूलद्रव्यांची अणुवस्तुमाने हायड्रोजनच्या पूर्ण पटीत आहेत, म्हणजे सर्व द्रव्य मुळात हायड्रोजनचेच बनले असावे. कल्पना देखणी होती आणि कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन तिला साथ देत होते. आड आला तो क्लोरीन. काहींनी असेही सुचवले की हायड्रोजनऐवजी त्याचा अर्धा भाग हेच एकक धरावे! पण बेल्जियमच्या स्तास यांनी आपले बहुतेक आयुष्य अणुवस्तुमाने अचूक मापण्यात घालवले आणि आकडे पूर्णांकात बसत नाहीत हे ठामपणे दाखवले. ३५.५ चे ३५ किंवा ३६ करून टाकावे असे त्यांना वाटले नाही. कल्पना बाजूला पडली, मापन टिकले.

कोडे सुटले ते १९१९ साली केंब्रिज येथे ॲस्टन यांनी वस्तुमान-वर्णपटलेखक हे उपकरण बनवल्यानंतर. त्यात अणूंचे धनप्रभारित आयन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून पाठवले की हलके आणि जड वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. क्लोरीनसाठी ३५.५ च्या जागी काहीच उमटले नाही. ३५ ला एक रेघ आणि ३७ ला एक रेघ. प्राउट यांचे अंतर्ज्ञान आणि स्तास यांचे मापन दोन्ही आपापल्या जागी बरोबर ठरले. स्तास यांनी दशांश फेकून दिले असते तर विचारण्यासारखा प्रश्नच शिल्लक राहिला नसता.

माझे रोजचे काम ॲस्टन यांच्या उपकरणाच्या आजच्या पिढीवर चालते. एखाद्या अनोळखी सेंद्रिय संयुगात एक क्लोरीन अणू असेल तर आलेखावर दोन एककांच्या अंतराने दोन शिखरे दिसतात, एक मोठे आणि दुसरे त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. ब्रोमीन असेल तर दोन जवळजवळ सारखी जुळी शिखरे. कीटकनाशकाचे अंश शोधताना या खुणा फार उपयोगी पडतात. आमच्याकडे येणारे नवे विद्यार्थी, पदवीला उत्तम गुण मिळवलेले, पुष्कळदा ब्रोमीनसाठी ८० च्या जागी शिखर शोधतात. ते सापडत नाही तेव्हा "उपकरण बिघडले असावे" असे सांगत येतात. ही नववीतल्या युक्तीची फळे आहेत.

प्रोटॉनांची मोजणीही आकाशातून पडली नाही. अणुअंक हा एके काळी आवर्तसारणीतला नुसता अनुक्रमांक होता. १९१३-१४ मध्ये मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण तपासले आणि त्यांच्या वारंवारतेचे वर्गमूळ एका पूर्णांकाबरोबर सरळ रेषेत वाढते असे दाखवले. तो पूर्णांक म्हणजे केंद्रकावरचा प्रभार. कोबाल्टचे अणुवस्तुमान निकेलपेक्षा किंचित जास्त असूनही कोबाल्ट २७ वा आणि निकेल २८ वा, हे यामुळे पक्के झाले. ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत हेही त्यातून दिसले. मोझली १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

आणि न्यूट्रॉन? १९२० नंतर बारा वर्षे जगातले उत्तमोत्तम शास्त्रज्ञ आपल्या नववीच्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे देत होते. न्यूट्रॉन माहीत नव्हता, म्हणून नायट्रोजनच्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन आहेत असे मानले जाई. वस्तुमान १४, प्रभार ७, हिशेब चोख जमतो! कणांची संख्या मात्र होते २१, म्हणजे विषम. १९२९ साली इटालियन शास्त्रज्ञ रासेत्ती यांनी नायट्रोजन वायूचा रामन वर्णपट घेतला. रामन परिणामाचा शोध कलकत्त्यात लागून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्या वर्णपटावरून हाइटलर आणि हर्झबर्ग यांनी दाखवले की नायट्रोजनचे केंद्रक सत्येंद्रनाथ बोस यांच्या सांख्यिकीप्रमाणे वागते. तसे वागायचे तर केंद्रकातील कणांची संख्या सम हवी. २१ हे उत्तर वजाबाकीत बरोबर होते, पण निसर्गाला मान्य नव्हते. १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि ७ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन, एकूण १४ असा हिशेब जुळला. हिशेब जमणे म्हणजे उत्तर बरोबर असणे नव्हे, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. त्यात दोन भारतीय नावे आहेत, तरी आपल्या धड्यांत ही हकीकत मला कधी भेटली नाही.

तीन संख्या, तीन कामे

या प्रश्नावर माझा आणखी एक आक्षेप आहे. तक्त्यात तिन्ही कण शेजारी शेजारी, सारख्या रकान्यांत बसतात. त्यामुळे त्यांची कामे सारखीच आहेत असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. प्रोटॉनांची संख्या बदलली तर मूलद्रव्यच बदलते. इलेक्ट्रॉनांची बदलली तर मूलद्रव्य तेच राहते, पण अणूचा आयन होतो आणि त्याचे वागणे पार बदलते : सोडियम धातू पाण्यात पेट घेऊ शकतो, सोडियम आयन आपण रोज आमटीत घालतो. न्यूट्रॉनांची बदलली तर समस्थानिक मिळते, आणि रासायनिक वागणे जवळजवळ तेच राहते. हा "जवळजवळ"ही पाहण्यासारखा आहे. जड हायड्रोजनपासून बनलेले जड पाणी सुमारे ३.८ अंश सेल्सिअसला गोठते आणि १०१.४ अंशांना उकळते. ते वेगळे काढण्यासाठी रायगड जिल्ह्यात थळ येथे मोठा कारखाना आहे.

आयनांच्या बाबतीत मुले जी चूक करतात तीही याच सवयीतून येते. सोडियम आयनावर "अधिक" चिन्ह दिसले की पुष्कळ मुले इलेक्ट्रॉन १२ लिहितात. अधिक म्हणजे मिळवा! ऋणप्रभारित कण निघून गेला म्हणून धनप्रभार उरला, हा विचार त्यांच्या मनात येत नाही, कारण चिन्ह दिसताच बेरीज-वजाबाकी करायची हेच त्यांना शिकवले गेले आहे.

मग करायचे काय?

"हे सगळे नववीला झेपणार नाही, आणि अभ्यासक्रम पुरा व्हायचा असतो," असा आक्षेप शिक्षक घेतील आणि तो रास्त आहे. विषम-विषम केंद्रके किंवा बोस सांख्यिकी नववीत शिकवा असे मी म्हणत नाही. त्या गोष्टी शिक्षकाला ठाऊक असाव्यात, एवढेच. वर्गासाठी तीन लहान सूचना आहेत.

पहिली : न्यूट्रॉन काढायला सांगताना नेहमी अणुवस्तुमानांकच द्यावा, अणुवस्तुमान कधीही देऊ नये. "क्लोरीन" असे न म्हणता "क्लोरीन-३५" म्हणावे. यासाठी एक मिनिटही जास्त लागत नाही.

दुसरी : एका तासिकेचा खेळ. वीस रिकाम्या काड्यापेट्या घ्या, आगपेटीच्या मोठ्या आकाराच्या मिळाल्या तर उत्तम. प्रत्येकीत खडूने खूण केलेले १७ चिंचोके टाका, हे प्रोटॉन. पंधरा पेट्यांत बिनखुणेचे १८ आणि पाच पेट्यांत २० टाका, हे न्यूट्रॉन. पेट्या चिकटवून मिसळून टाका. वर्गाला फक्त इतके सांगा की वीस पेट्यांत मिळून ७१० चिंचोके आहेत आणि प्रत्येक पेटीत खुणेचे १७ आहेत. सरासरी काढली की ३५.५ येते. मग एक पेटी हातात घेऊन विचारा, हिच्यात बिनखुणेचे किती? कोणी १८ म्हणेल, कोणी १९, एखादा साडेअठरा म्हणेल. त्याला हसू देऊ नका. दोन-चार पेट्या उघडा आणि मोजा. "१८ किंवा २०, पण पेटी उघडल्याशिवाय सांगता येत नाही" हे मुलांच्या तोंडून आले की समस्थानिकांचा धडा झाला. त्यानंतर पुस्तकातला परिच्छेद वाचला तर तो त्यांना आपलाच वाटेल.

तिसरी : प्रश्न बदला. पुढचे काही नमुने पाहा. "ब्रोमीनचे अणुवस्तुमान ७९.९० आहे, पण ८० वस्तुमानांकाचा ब्रोमीन निसर्गात सापडत नाही. हे कसे शक्य आहे?" "आर्गॉन-४०, पोटॅशियम-४० आणि कॅल्शियम-४० यांचा वस्तुमानांक सारखा आहे. मग ती तीन वेगळी मूलद्रव्ये का?" "एका कणात १७ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन आणि १८ इलेक्ट्रॉन आहेत. त्याचे पूर्ण वर्णन करा." शेवटच्या प्रश्नातही वजाबाकी आहे, पण मूलद्रव्य, समस्थानिक आणि आयन या तिन्ही कल्पना कळल्याशिवाय तो सुटत नाही. असे प्रश्न तपासायला सरळ आकड्यापेक्षा थोडा वेळ जास्त लागतो, हे खरे. पण कोणाला समजले आणि कोणी पाठ केले, हे त्यातून कळते.

आकडा अपेक्षेत बसला नाही की तो खोडून बसणारा आकडा लिहायचा, हे विज्ञानातले सर्वांत मोठे पाप आहे असे आम्ही संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगतो. ते पंचविशीत सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण चौदाव्या वर्षी त्यांनी तेच करून गुण मिळवलेले असतात. भाचीच्या उत्तरपत्रिकेवरची फुली मी पुसू शकत नव्हते. मी फक्त १८.५ च्या शेजारी पेन्सिलीने लिहिले : "सरासरी." तिने ते वाचले, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "म्हणजे दोन प्रकारचे असणार. किती किती?" तिला ३५ आणि ३७ एवढेच सांगितले. प्रमाण तिने स्वतः काढले.